आशाबाईचा हात

आमच्या आक्काच्या हातचा मार ज्यानं खाल्ला नाय असं माणूस आमच्या घरात सापडायचं नाय. मी तिचा पाठचा भाऊ, रामकिसन. माझ्या डाव्या भुवईतून एक रेघ गेलीय बघा, ती तिनं फेकलेल्या लाटण्याची. शेळी मक्यात शिरली होती, राखायला मी होतो. क्रांती चौकाकडून उस्मानपुऱ्यात वळताना माझं बॅटरीचं दुकान हाय, तिथं एखादं गिऱ्हाईक विचारतं, मामू, ये कैसा लगा, तर मी म्हणतो, बहीण लई जीव लावायची. गिऱ्हाइकाला वाटतं मी गंमत करतोय. मी गंमत करत नसतो.

आशाबाई तिचं नाव. देवगाव रंगारीला दिली, कडूबाला. दाजींची गावात वाखाणणी अशी, की माणूस दारूला शिवत नाय. खरं होतं ते. आयला, शुद्धीत मारायचे! बैलाच्या पाठीवर कधी वळ दिसला नाय आणि आक्काच्या पाठीवर वळ नाय असा एक सण गेला नाय. माहेरी आली की आमची आई तिला हळद-तेल लावायची आणि पुन्हा एसटीत बसवून द्यायची, असलं आमचं माहेर. धाकटा अंगावर पीत असताना दाजींनी तिला लाथ घातली, तेव्हा मात्र तिनं पोर खाली ठेवलं, कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि दाजींच्या मनगटावर असं हाणलं की हाडाचा चुरा झाला. त्या दिवसापासून दाजींनी तिच्या अंगाला बोट लावलं नाय. पुढं ते काविळीनं गेले. पण त्यांचा हात बंद झाला आणि आक्काचा पुन्हा सुटला, तो सुटलाच.

दोन पोरं. थोरला इंद्रजीत, धाकटा शिवम. दूध सांडलं, मार. शाळा बुडवली, मार. फुकणी, चिमटा, मोटरीच्या वायरचा तुकडा, हाताला लागंल ते. काहीच नाय लागलं तर पायातली चप्पल. इंद्रजीत मार खाताना दोन्ही हात खाली सोडून उभा राहायचा, हलायचा नाय, आणि त्याचाच तिला जास्त राग यायचा. शिवम उलटा. आईचा आवाज चढला की हिचा हात निघायच्या आधी त्याचं उजवं कोपर डोक्यावर जायचं. इतकी सवय लागली होती की कुणी शेजारी बसून डोकं खाजवायला हात वर केला तरी हा कोपर वर करायचा. त्याच्या हळदीला करवलीनं गालाला हळद लावायला हात उचलला, तर ह्यानं भर मांडवात कोपर वर केलं. लई हसले लोक. मीही हसलो.

आणि मारून झालं की आक्का दोघांना दोन कुशीला घेऊन पडायची आणि थोपटायची. खांद्यावर, एका तालात, बराच वेळ. पोरं हुंदके देत देत झोपायची. तिचा हात थोपटायला लागला म्हणजे आजचा मार संपला, एवढं त्यांना पक्कं कळायचं. तिला मी एकदा म्हणलं, आक्का, नुसतं थोपटत जा ना, मारतीस कशाला. ती म्हणाली, मारल्याबिगर थोपटायला जीवच होत नाय.

धाकट्याचा अर्धा मार थोरल्यानं खाल्लाय हेही सांगून ठेवतो. शिवमनं काही सांडलं, फोडलं, की इंद्रजीत पुढं व्हायचा, आई, मी केलं म्हणायचा. आक्काला कळायचं. मग ती थोरल्यालाच सांगायची की तू मोठा हायेस, तूच दे त्याला दोन ठेवून. हा द्यायचा नाय. मग स्वतःचे आणि भावाचे असे दोन्ही वाटे खायचा. धाकट्या भावावर त्यानं जन्मात हात उचलला नव्हता.

तो उचलला गेल्या वर्षी, मे महिन्यात.

अद्रक लावायला रान भिजवायचं होतं. विहीर एक, मोटर एक, दोघांच्या पाळ्या ठरलेल्या. शिवमनं थोरल्याच्या पाळीत कॉक फिरवून पाणी आपल्या रानाकडं घेतलं. गोष्ट एवढीच, दोन शिव्यांत मिटली असती. इंद्रजीत विहिरीजवळ स्टार्टर उघडून बसला होता, हातात लोखंडी पाना. आक्का जेवण घेऊन आली, तिनं पाणी कुठं चाललंय ते बघितलं आणि तोंड सोडलं. काय बोलली ते कामाला आलेल्या बायांनी ऐकलं, पोलिसांना सांगितलं, आणि आक्कानंही नाकारलं नाय. ती म्हणाली, "दे त्याला दोन ठेवून. का हात मोडलाय तुझा? बायकांवानी बसलाय."

पाटाजवळ उभा असलेला शिवम हसला. ते हसणं आईच्या बोलण्याला होतं, भावाला नव्हतं, असं त्या बाया सांगतात. पण इंद्रजीत उठला आणि त्यानं पाना हाणला, उजव्या कानाच्या मागं. शिवमनं कोपर वर केलं नाय. आईसमोर केलं असतं, परक्यासमोर केलं असतं. दादासमोर त्याला कधी गरजच पडली नव्हती. पहिल्या फटक्याला तो गुडघ्यावर आला, दुसऱ्याला पाटात तोंडावर पडला आणि पाटाचं पाणी लाल होऊन त्याच्याच रानात शिरलं. मग इंद्रजीतनं पाना विहिरीत फेकला आणि गुरासारखा ओरडला, ते शेजारच्या वस्तीवर ऐकू गेलं.

त्यानंच भावाला उचललं. त्यानंच पिकअपमध्ये टाकलं, आपला शर्ट काढून डोकं बांधलं आणि मांडीवर धरून बसला. मला फोन आला तो त्याचाच, मामा, मी शिवमला मारलं. मी शहरातल्या दवाखान्याच्या फाटकात उभा होतो. पिकअप आली, पोराला आत नेलं, आणि मी आधी काय केलं असंल तर इंद्रजीतच्या कानाखाली जाळ काढला. एक, दुसरी, तिसरी. रक्तानं माखलेला उघडा पोरगा दोन्ही हात खाली सोडून उभा. त्याला बघून माझाच हात थांबला. पोलीस आले तेव्हा तो आपणहून गाडीत बसला आणि हर्सूलच्या जेलात गेला.

शिवमचं ऑपरेशन झालं. साकळलेलं रक्त काढलं, कवटीचा एक तुकडा काढून ठेवला, त्या जागी नुसती कातडी, खळगा पडलेली. जीव वाचला, पण पोरगा उठला नाय. आधी मशीनवर श्वास, मग गळ्याला भोक पाडून नळी. चिमटा काढा, हाक मारा, काही नाय. असे आठवडे गेले.

त्या आठवड्यांत वॉर्डाबाहेर काय काय झालं ते सांगायला लाज वाटते. शिवमची बायको राजनंदिनी, आम्ही नंदिनी म्हणतो, तिनं पहिल्याच दिवशी आक्काचा अंबाडा धरला आणि तिला बाकड्यावरून खाली ओढलं. तुम्ही हाणायला लावलं, तुम्ही, असं म्हणत ती सासूला लाथा घालत होती आणि तिचा भाऊ सत्यम सोडवायचं सोडून बघत उभा. मी सत्यमची गचांडी धरली, त्यानं माझ्या पोटात गुद्दा घातला, मी त्याला पाण्याच्या टाकीवर आदळला. सिक्युरिटीनं आम्हाला दोघांना बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. नवल म्हणजे आक्का एकदाही उलटली नाय. जी बाई मुसळानं नवऱ्याचं हाड मोडते ती सुनेच्या लाथा खात होती.

मग मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून सरळ सांगितलं. पोराकडून काहीतरी प्रतिसाद दिसला तर इथं ठेवू, व्यायाम, औषधं, सगळं नेटानं करू. काहीच दिसलं नाय तर घरी न्या, नळीनं खाऊ घाला, सेवा करा. गळ्याला नळी घेऊन, पाठीला जखमा घेऊन तो गावाकडं किती दिवस काढणार, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आणि वकिलानं आधीच कानावर घातलं होतं की शिवम गेला तर इंद्रजीतवर खुनाचं कलम लागणार. म्हणजे आक्काचं कसं, एक गेला की दुसराही गेला. तिला हे समजावून सांगावं लागलं नाय.

तेव्हा चारुता मॅडम आल्या. बेशुद्ध माणसांच्या मेंदूवर त्यांचं संशोधन चालू होतं. बारीक अंगाच्या, बोलणं हळू, पण एक वाक्य अर्धवट टाकायच्या नाय. त्यांनी नंदिनीची परवानगी घेतली आणि आम्हाला सगळ्यांना समजंल असं सांगितलं. डोक्याला बारीक तारांची टोपी घालायची, तिला ईईजी म्हणतात. मेंदूच्या प्रत्येक भागातून विजेच्या लाटा निघतात त्या ती टिपते. एक भाग ऐकतो, दुसरा ओळखतो, तिसरा त्यावर काय करायचं ते बघतो. ते एकमेकांशी बोलतात का, हे बाहेरून ऐकू येत नाय, पण दोन भागांच्या लाटा एकाच तालात वरखाली व्हायला लागल्या तर त्यांचा काहीतरी संबंध हाय असं कॉम्प्युटर मोजून काढतो आणि त्या दोन जागांमध्ये रेघ ओढतो. घरच्यांचा आवाज ऐकून रेघा वाढतात का, हे त्यांना बघायचं होतं. मी बॅटरीवाला माणूस, मला वाटलं हे आपल्या ओळखीतलं काम. तर तसं काही नव्हतं, निम्म्याहून जास्त डोक्यावरून गेलं.

मॅडमनी बजावलं होतं, डोक्याला आणि तारांना कुणी हात लावायचा नाय. आधी नंदिनी बोलली. कॉम्प्युटरवर डोक्याचं चित्र, त्यावर ठिपके, आणि कुठंकुठं एखादी रेघ. मॅडम म्हणाल्या, एवढ्यावरून काही म्हणता येणार नाय. मग आक्का बसली. कापडी पडद्यामागं आम्ही कॉम्प्युटरपाशी, आणि आक्का पोराच्या उशाशी, सोन्या, माझ्या राजा, माझ्या वासरा, असं लाडाचं बोलत होती. तिच्या तोंडून हे शब्द मी साठ वर्षांत ऐकले नव्हते. आणि चित्रात रेघाच रेघा उमटायला लागल्या. पुढून मागं, डावीकडून उजवीकडं, सगळं डोकं रेघांनी भरून गेलं.

मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्या म्हणाल्या की हे जरा जास्तच हाय, मला तपासून बघू द्या, कुणाला काही सांगू नका. पण सत्यमनं तोवर मोबाईलवर फोटो काढला होता. संध्याकाळच्या आत तो देवगावच्या सगळ्या ग्रुपांवर गेला, शिवमनं आईला ओळखलं म्हणून. मारुतीला नारळ फुटले, पेढे वाटले. हर्सूलला इंद्रजीतपर्यंत बातमी पोचली, आणि भेटायला गेलेला वकील सांगत होता की पोरगं जाळीला डोकं लावून ढसाढसा रडलं. आक्का बाकड्यावर बसून हसत होती. नंदिनीनं तिला आपल्या डब्यातली भाकरी दिली, आणि दोघी शेजारी बसून जेवल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. ईईजीबरोबर कॅमेराही चालू असतो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांनी एका बाजूला लाटा लावल्या, एका बाजूला व्हिडिओ. आक्काचा हात चादरीखाली होता आणि चादर एका तालात वरखाली होत होती. ती त्याला थोपटत होती. डोक्याला हात लावू नका म्हणलं होतं, तिनं लावला नव्हता, खांद्याला लावला होता. हात पडला की पोराचं सगळं अंग हलायचं, अंगाबरोबर सगळ्या तारा हलायच्या, आणि सगळ्या लाटा एकदम उसळायच्या. कॉम्प्युटरला वाटलं, सगळे भाग एका तालात चाललेत. तो ताल आक्काच्या हाताचा होता. जिथं जिथं हात थांबला होता, तिथं तिथं रेघा पुसल्या गेल्या होत्या.

मॅडम म्हणाल्या, "यात शिवमचं काहीच नाहीये. मला माफ करा, पण मी खोटं सांगू शकत नाही."

सत्यमचा मोबाईल मी तिथंच हिसकावला आणि भिंतीवर फेकून फोडला. नंदिनी सासूकडं वळली आणि अगदी सावकाश म्हणाली, त्यांना मारलं पण तुम्हीच आणि मेलेल्याला हलवून दाखवलं पण तुम्हीच. आक्का उठली, वॉर्डात गेली. मला वाटलं, पोराजवळ बसायला गेली. आम्ही आत जाईपर्यंत तिनं उजवा हात पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आपटायला सुरुवात केली होती. लोखंडावर हाड वाजत होतं. ह्या हातानं, ह्या हातानं, एवढंच म्हणत होती. दोन सिस्टर आणि मी मिळून तिला धरली, तरी ती आवरत नव्हती. बोटं काळीनिळी, पंजा सुजून टम्म, तळव्यातली दोन हाडं मोडलेली. त्याच दवाखान्यात तिच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घातलं.

मॅडम मात्र हटल्या नाय. त्या म्हणाल्या, पहिली मोजणी वाया गेली, ती नाही असं समजू आणि पुन्हा करू. कुणीही हात लावायचा नाही, पलंगालासुद्धा नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ही शेवटची, यानंतर निर्णय. आक्काला पलंगापासून लांब स्टुलावर बसवलं, प्लास्टरचा हात गळ्यात. तिनं परत सुरुवात केली. सोन्या, राजा. चित्रात काही नाय. ठिपके नुसते ठिपके. आक्का बोलत होती, रडत होती, बोलत होती, आणि एक रेघ नाय.

नंदिनीचा तोल सुटला. ती पडद्याआडून बाहेर गेली आणि म्हणाली, "आत्याबाई, हा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नाय. कुणाचा समजंल ते? तुमचा खरा आवाज काढा की. घाला शिव्या, रोज घालत होता तशा."

ती बोलली ते सासूला घायाळ करायलाच बोलली. मला वाटलं मॅडम तिला बाहेर काढतील. पण त्या म्हणाल्या, मावशी, घरी जसं बोलायचात तसंच बोला. आक्कानं मान हलवली. आता माझ्या तोंडातून शिवी निघायची नाय, म्हणाली. मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. मलाही राग होता, तिचा, त्या पान्याचा, सगळ्याचा. मी म्हणलं, आक्का, आज तू गप बसलीस तर दोन्ही पोरं जातात, एक मसणात आणि एक जेलात.

ती उठून उभी राहिली, मी मागं कॉम्प्युटरपाशी आलो. तिनं पदर खोचला. आणि तिचा तो आवाज निघाला, जो ऐकून आमच्या गल्लीतली कुत्री उठून जायची.

"ऊठ रे मुडद्या! सूर्य डोक्यावर आला, पडलाय काळतोंड्या अजून! उठतूस का आणू फुकणी?"

वॉर्डातले दुसरे पेशंट दचकले. एक म्हातारा उठून बसला. आणि मॅडमनी माझा दंड धरला, अशी हळू बाई, पण बोटं रुतली. चित्रात रेघा आल्या होत्या. पहिल्यासारख्या भरमसाट नाय. मोजक्याच, बारीक, कानाच्या वरून निघून कपाळाकडं गेलेल्या. छातीच्या ठोक्यांचा आकडा शेजारच्या मशीनवर चढला होता. मॅडमनी आधी व्हिडिओ बघितला, चादर हलत नव्हती, आक्का लांब उभी. मग त्यांनी आक्काला थांबवलं, रेघा विरल्या. तेच शब्द नंदिनीला ओरडायला लावले, काही नाय. मला लावले, मी जीव तोडून ओरडलो, काही नाय. आक्का ओरडली की परत त्याच जागेच्या रेघा. दुपारभर उलटसुलट करून त्यांनी तपासलं आणि शेवटी खुर्चीत मागं टेकून डोळे पुसले.

त्या म्हणाल्या, हे खरं असावं. पण एवढंच कळतंय की आवाज पोचतोय आणि ऐकणारा भाग पुढच्या भागाशी ताल धरतोय. त्याला काय वाटतं ते यातून मला सांगता येणार नाही. त्याला काय वाटत असंल ते मला आणि आक्काला ठाऊक होतं, ती शाळा आम्ही दोघंही शिकलो होतो.

आक्का बाहेर आली, बाकड्यावर बसली. तिचा घसा बसला होता.

"रामा," ती म्हणाली, "त्यो मला भितुया."

मी म्हणलं, व्हय.

"भिऊ दे. जिता हाय नव्हं."

डॉक्टरांनी शिवमला ठेवून घेतलं. सकाळ-दुपार व्यायामवाले यायचे, हातपाय हलवायचे, आणि रोज आक्का यायची आणि त्याला शिव्या घालायची. वॉर्डाला सवय झाली. सिस्टर लोकं हसायच्या, मावशी आल्या का ड्युटीवर, म्हणायच्या. शिव्या घालून झाल्या की ही जिन्यात जाऊन बसायची आणि ओकायची. खरंच ओकायची. अन्न पोटात ठरत नव्हतं. एवढ्या वर्षांत जे सहज तोंडातून गेलं ते आता तिला आतून खरवडून काढावं लागत होतं. मी तिला पाणी नेऊन द्यायचो आणि शेजारी बसायचो, दुसरं काय करणार. नंदिनी एकदा वरच्या पायरीवर उभी राहून बघत होती. खाली आली नाय, पण सासूला लाथ घालायचं तिनं त्यानंतर सोडलं.

शिवमनं डोळे उघडले ते पावसाळा सरता सरता, एका दुपारी. आधी नुसते उघडायचे, नजर छताला. मग नजर फिरायला लागली. बातमी कळली तसा मी दुकान उघडं टाकून पळालो. डॉक्टर, चारुता मॅडम, नंदिनी, सत्यम, सगळे पलंगाभोवती. आक्का दाराशीच थांबली होती. नंदिनी स्वतः गेली आणि तिला हाताला धरून आत घेऊन आली. आत्याबाई, बघा तुमच्याकडं बघायलेत, म्हणाली.

खरंच बघत होता. आक्काच्या तोंडाकडं त्याची नजर लागली होती. आक्काला त्या दिवशी शिवी घालायची गरज नव्हती. तिला फक्त एकच करायचं होतं, जे त्या व्हिडिओनंतर तिला कुणी करू दिलं नव्हतं. ती उशाशी गेली आणि खांद्यावर थोपटायला तिनं हात उचलला. हाडं नीट जुळली नाय म्हणून पुन्हा घातलेलं प्लास्टर अजून हातावर होतं.

शिवमचं उजवं कोपर हललं. बोटं थरथरत होती, दंडाला काडीइतकं मांस उरलं नव्हतं, तरी ते कोपर गादीवरून सुटलं, थांबत थांबत वर आलं आणि डोक्यावर गेलं. जिथं कवटी नव्हती, नुसती कातडी होती, ती जागा त्यानं बरोबर झाकली.

डॉक्टर मोठ्यानं हसले. उत्तम, म्हणाले, फारच उत्तम, स्वतःहून हात उचलला, वाचला पोरगा. सत्यमनं उसन्या मोबाईलवर फोटो काढला आणि या खेपेला मी त्याला काही केलं नाय. नंदिनी हसत होती, रडत होती, हर्सूलला कळवा म्हणून माझा शर्ट ओढत होती. मॅडम तेवढ्या हसल्या नाय. त्या आक्काकडं बघत होत्या.

आक्काचा हात तसाच हवेत राहिला होता. तिला आता दोन्ही पोरं मिळाली होती, आणि ती त्या कोपराकडं बघत होती. मग तिनं तो हात हळूच खाली घेतला, पदराखाली लपवला आणि पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली.

"नंदे," ती म्हणाली, "तू थोपट त्याला. माझा हात दिसू देऊ नको."

नंदिनीनं खांद्यावर थोपटायला सुरुवात केली. बऱ्याच वेळानं ते कोपर खाली आलं.